मलह्वाचे घोट

कोरियातल्या गुन्सानच्या बंदराजवळ बोंगरेचं तांदळाच्या पेजेचं दुकान होतं. नातीच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनचं निघालं, तेव्हा दुकान बंद ठेवून ती लेकीबरोबर दवाखान्यात गेली. नात, हारम, झोपेत घोरायची आणि मधेच तिचा श्वास अडकायचा.

डॉक्टरीणबाईंनी दोन पद्धती सांगितल्या. पहिलीत टॉन्सिल मुळासकट काढायचं आणि विजेच्या चटक्याने रक्त थांबवायचं. दुखणं जास्त, पण ते सहसा पुन्हा वाढत नाही. दुसरीत कमी उष्णतेवर वरचा भाग विरघळवायचा, तळचा पातळ थर ठेवायचा. पोर लवकर खायला लागतं, रक्त जायची भीतीही कमी; मात्र क्वचित ते परत वाढतं.

"दुसरीच करा," लेक म्यंगही म्हणाली.

"करू. पण आठवड्याभराने घशातली खपली सुटते, तेव्हा जपा. झोपेत सारखी घोट गिळायला लागली तर तडक घेऊन या. पोरं रक्त गिळत असतात, आजी."

बोंगरेला मलह्वा आठवली.

मलह्वा तिची धाकटी बहीण. कोरियन युद्धानंतर एका डॉक्टरने तिला खुर्चीत बसवून तारेच्या फासाने टॉन्सिल ओढून काढले आणि घरी पाठवलं. दुपारी ती बोंगरेच्या कुशीत निजली होती. गट्. गट्. "बघ, भूक लागली माझ्या बाळाला," आई हसली आणि पेज टाकायला उठली. पेज शिजायच्या आत मलह्वा काळं रक्त ओकली, आणि संपलीच. ते घोट भुकेचे नव्हते, हे बोंगरेला म्हातारपणी आज कळत होतं. आई मात्र काहीच न कळता गेली होती.

हारमचं ऑपरेशन नीट झालं. गार पेज, आइस्क्रीम तिला चालू लागलं. खपली सुटायच्या दिवसांत बोंगरे तिच्या उशाशीच बसून असायची. एका दुपारी ऐकू आलं. गट्. गट्. तिने पोरीचा जबडा उघडून आत बॅटरी मारली. घसा स्वच्छ होता.

"सोड ना, आजी!" हारम रडू लागली. "मी नाही गिळत. तूच गिळतेयस!"

बोंगरेने स्वतःच्या गळ्याला हात लावला. गळाच हलत होता.

"आई, जरा पड गं तू," म्यंगही हळूच म्हणाली.

हारम बरी झाली, घोरणं थांबलं, शाळा सुरू झाली. बोंगरेनेही दुकान उघडलं. पण गिऱ्हाइकांनी चमचे उचलले की, पहिल्या घोटाआधीच, ती रेडिओ मोठा करते.

"आजी, कान फुटतील की!" पेज प्यायला आलेले कोळी ओरडतात.

ती त्यांच्याकडे पाठ करून पातेलं ढवळत राहते.