म्हात्रे सरांची मागची सीट

म्हात्रे सर स्कूटर एकट्याने कधीच चालवत नसत. सकाळी बदलापूरहून उल्हासनगरला कॉलेजात येताना मागे आमचा बडबड्या शिपाई असे आणि दुपारी परतताना मी. मी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर नुकतीच लागलेली. घर त्यांच्याच गल्लीत होतं, त्यामुळे आयतीच सोय झाली म्हणून मी खूश होते.

मागे बसणाऱ्याने रस्ताभर बोलत राहायचं, हा सरांचा नियम. "आधी दिसतंय ते सांग, वाटतंय ते मग," असं ते म्हणत. पुढे रिक्षा, डावीकडे खड्डा, टँकर वळतोय, शाळेची मुलं रस्ता ओलांडतायत, सगळं ओळीने सांगायचं. मी "गर्दी फार आहे" म्हटलं की ते शांतपणे विचारत, "फार म्हणजे किती? कुठल्या बाजूला?" साहित्य शिकवणाऱ्या माणसाची नजर अशीच तयार होते, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते इतकं पटलं होतं की घरी जेवतानाही मी ताटाचं वर्णन करायला लागले होते. आई वैतागली होती.

वर्गात सर एक जुनी अमेरिकन कादंबरी शिकवत. तिचा नायक स्वतःचं नाव, घराणं, भूतकाळ सगळं आपणच रचतो आणि एका बाईवर असा जीव लावतो की ती खरी कशी आहे, हे त्याला शेवटपर्यंत दिसत नाही. भ्रम आणि वास्तव यावरचा प्रश्न परीक्षेत ठरलेला. मागच्या बाकावरचा एक सिंधी मुलगा एकदा म्हणाला, "सर, ये तो आपल्या मार्केटसारखं झालं. बाहेर बोर्ड इम्पोर्टेडचा, अंदर माल इथल्याच कॅम्प पाचमध्ये बनलेला." वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, "दुकानदाराला माहीत असतं रे, माल कुठला ते. याला माहीत नाही. हा स्वतःच्याच बोर्डाला भुललाय." इतकं साधं आणि नेमकं मला अजूनही शिकवता येत नाही, आणि विचारायला आता सर राहिले नाहीत.

एका सोमवारी सरांची जुनी प्रत घरी राहिली. लायब्ररीत नवी आवृत्ती आली होती, तिची एक प्रत मी त्यांच्या हातात दिली आणि दुसरी घेऊन शेवटच्या बाकावर ऐकायला बसले. सरांनी नेहमीप्रमाणे सर्वांना एक्केचाळिसावं पान काढायला सांगितलं, स्वतःही काढलं आणि आवडता उतारा घडाघडा वाचला. मध्ये एकदा पानसुद्धा उलटलं. नव्या आवृत्तीत, आणि मुलांकडेही तीच होती, तो उतारा त्रेपन्नाव्या पानावर होता. मुलं पानं चाळत एकमेकांकडे बघत होती. सरांच्या डोळ्यांसमोर भलतंच पान होतं आणि तोंडून अचूक वाक्यं येत होती. आणि दोन तासांनी मला त्यांच्या मागे बसायचं होतं.

बसले. पुढचे आठ दिवस बसले. मी नाही बसले तर सर दुसऱ्या कुणाला बसवणार, नाहीतर एकटेच निघणार. कॉलेजात सांगावं, तर निवृत्तीला वर्ष उरलेल्या माणसाचा वर्ग माझ्यामुळे जाणार. आणि माझा अंदाजच चुकला असेल तर? मी बोलत राहायचे. जरा थांबले की गाडी डगमगे. आनंदनगरच्या एमआयडीसीतून जाताना समोरून टँकर आला की डोळे घट्ट मिटून घ्यावेसे वाटत, पण तेवढीही मुभा नव्हती. ते डोळे आम्हा दोघांचे होते.

नवव्या दिवशी कारखान्यांना सुट्टी होती. एमआयडीसीतला सरळ रस्ता, लख्ख ऊन, दूरवर कुणी नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, समोर म्हैस बसलीय. मधोमध."

सरांनी ब्रेक लावला. एक पाय टेकून ते उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी हॉर्न दिला, परत दिला. मग मला विचारलं, "उठली का?"

मला रडू फुटलं. "सर, म्हैस नाहीये. नव्हतीच."

त्यांनी गाडी बंद केली. ते चिडतील म्हणून मी घाबरले होते, पण ते चिडले नाहीत. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. समोरचं दिसणं दोन वर्षांपूर्वीच गेलं होतं, कडेचं तेवढं अंधूक दिसे. डॉक्टरांनी गाडी सोडायला कधीच सांगितलं होतं. वर्ग हातचा जाईल या भीतीने त्यांनी घरातही कुणाला कळू दिलं नव्हतं.

त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात ते रस्त्याकडे तोंड करून गावच्या बोलीत बोलले. ती बोली मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"म्हस व्हती गो. तू बोललीस नि मला दिसली. एक शिंग मोडलेलं व्हतं तिचं."

मी स्कूटर ढकलत निघाले. सर पुढे चालत होते. मी म्हैस सांगितली होती त्या मोकळ्या जागेपाशी आल्यावर त्यांनी सावकाश वळसा घातला, आणि त्यांच्या मागोमाग मीही.