साहेबांची कापूसतुला

आमचे साहेब जामिनावर सुटून आले त्या दिवशी दिग्रसमध्ये असे फटाके वाजले, की जणू गडी लढाई जिंकून आला. त्यांच्या ताब्यातल्या जिनिंग सोसायटीत शेतकऱ्यांच्या नावावर व्यापाऱ्यांचा कापूस हमीभावानं घेतल्याचं प्रकरण होतं. कापसाचे ते वाईट दिवस. खरे शेतकरी फाटकाबाहेर बैलगाड्या घेऊन ताटकळत होते. त्यांत माझे वडीलही होते. शाळेत मास्तर, घाटंजीकडे थोडी कोरडवाहू जमीन, आणि उभा जन्म साहेबांच्या पक्षाचे. माल ओला म्हणून त्यांची गाडी परत पाठवली होती.

तरी पक्षानं साहेबांची कापूसतुला ठरवली, तेव्हा घरोघर कापूस मागायला पुढे कोण? बाबाच!

एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात कापूस. साहेबांनी अंग चांगलंच धरलं होतं. त्यांचं पारडं काही वर जाईना. बाबा धावत घरी आले आणि माळ्यावरचं गाठोडं ओढू लागले. ताईच्या लग्नात द्यायच्या गादीचा तो कापूस. आईनं एकेक सरकी हातानं काढून जमवलेला.

"बाबा, त्यानं तुमची गाडी वापस धाडली, अन् तुमी त्याले ताईची गादी देऊन राह्यले?" मी ओरडलो.

"चूक झाली असंल. आपला मानूस हाये थो."

आई दारात आडवी झाली. तिला बाजूला सारून ते गेले. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही, साहेबांचाही नाही. चोर चोरी करणारच. पण ज्याचं चोरलं तोच चोराला खांद्यावर घेऊन नाचतो, त्याला काय म्हणावं?

तुलेतला कापूस गरिबांना वाटू, असं भाषणात सांगितलं. संध्याकाळी तो ट्रकमध्ये भरून त्याच जिनिंगमध्ये गेला. बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन म्हणाले, "तिकडं ठेवाले नेला असंल."

ताईच्या लग्नाला साहेब आले नाहीत. त्यांच्यासाठी राखलेल्या पुढच्या खुर्चीवर बाबांनी शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही. पाठवणीच्या वेळी पेटी, भांडी, कपाट गाडीत चढलं. ताईच्या सासूबाईंनी विचारलं, "गादी नाही दिसत?"

घोषणा देऊन गळा बसवून घेणारे बाबा वाकून पेटीची दोरी आवळू लागले.

आईनं पदर खोचला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाली, "साहेबाले तोलाले देल्ली आमी."

लोक हसले. ताई रडत गाडीत बसली. आणि बाबा तेवढ्यातही पुटपुटले, "धाडतीन ना साहेब वापस."