पाईपवाल्याचे चार दात

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी आमच्या खाणीच्या मालकाला संगीताची कॅसेट काढायची हुक्की आली. मालकाला आम्ही सगळे पात्रांव म्हणायचो, तोंडावर आदराने आणि पाठीमागे निराळ्या सुरात. पात्रांवने फर्मावलं, मोठा ऑर्केस्ट्रा पाहिजे, व्हायोलिनं पाहिजेत, ट्रंपेटं पाहिजेत, पण गाणं नको. एक शब्दसुद्धा नको. शब्द आला की तो कोकणीत की मराठीत हा प्रश्न आला, आणि तो आला की पाळी गावच्या आमच्या ऑफिसातली अर्धी कदेलं, म्हणजे खुर्च्या, रिकामी. तेव्हा आमच्या कँटीनमध्ये मराठीवाल्यांचं मेज वेगळं नि कोकणीवाल्यांचं वेगळं. भांडण मात्र दोन्ही मेजांवर एकाच बोलीत चालायचं. माझा सख्खा मेहुणा त्या दुसऱ्या मेजावर बसायचा आणि मीठ मागायलासुद्धा माझ्याशी बोलायचा नाही.

मी त्या ऑफिसात कारकून, घर आमोण्यात, आणि खाणीच्या बँडात ड्रमवाला. हो, खाणीला बँड होता! मंत्री आला की त्याला फाटकापासून वाजवत आणायचं, एवढंच त्याचं काम. तीन बॅगपाईप आणि एक ड्रम. तिघांतले दोघे पाईपवाले नुसते गाल फुगवून चालायचे, मंत्र्यांना काय कळतंय! खरं वाजवायचा एकटा आमचा हवालदार.

हवालदार बेळगावकडच्या खेड्यातला. पलटणीत अख्खी नोकरी पाईप वाजवून निवृत्त झाला आणि पाळीला फाटकावर वॉचमन म्हणून लागला. मी शिमग्यात ताशा बडवून मोठा झालेला. ड्रमच्या काठ्या कशा धरायच्या ते त्याने मला शिकवलं, म्हणजे बोटांवर मारून शिकवलं. "ताशा न्हवं हे! मनगट सोड की, मनगट!" असा ओरडायचा. शिव्या बेळगावच्या असल्यामुळे निम्म्या मला कळायच्या नाहीत, ते एक बरं होतं.

कॅसेटची बातमी आली तेव्हा हवालदाराचे वरचे चार दात हलत होते. डिचोलीच्या दाताच्या डॉक्टरने सांगून ठेवलं होतं, काढा, उशीर केलात तर जबडा सुजेल. हवालदार काढत नव्हता. पाईपची नळी दातांत धरावी लागते, आणि कवळीवर ती टिकत नाही हे त्याने पलटणीत दुसऱ्यांचं बघितलेलं. एक दिवस फाटकावर चहा पिताना मला म्हणाला, "लोकांच्या लग्नात वाजवलो, लोकांच्या मयताला वाजवलो, राष्ट्रपतीसमोर वाजवलो. हाय काय त्यातलं कुठं? वारा गेला, संपलं. गावात माझ्या पोरास्नी ठाऊकसुदीक न्हाई बाप काय वाजवायचा. दात गेला की पाईप गेला. तेच्याआधी एकदा टेपात यायला पाहिजे बघ." मी म्हटलं, येणार म्हणजे येणारच. फुकटचा धीर द्यायला माझं काय जात होतं!

पात्रांवने खाणीच्या बँडालाही बोलावलं, तेव्हा खरं वाजवणारे आम्ही दोघेच गेलो. स्टुडिओ म्हणजे पणजीत एका जुन्या घराची माडी. जनेलांना, म्हणजे खिडक्यांना, गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज टेपात येतो. आत वीसेक माणसं घामाने निथळत बसलेली. सगळ्यांवर एक मेस्त, म्हणजे इगर्जीत, चर्चमध्ये, मुलांना संगीत शिकवणारा म्हातारा मास्तर. अत्यंत सज्जन माणूस. त्याने हवालदाराला आदराने सूर द्यायला सांगितलं. हवालदाराने पिशवी काखेत दाबली, आणि देवा रे! बंद खोलीत बॅगपाईप ऐकला नसेल त्याने ऐकूच नये. पुढच्या रांगेतल्या दोघांनी उघड उघड कानांत बोटं घातली. वर तो सूर पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसेना, दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी अडकून राहिला. मेस्त म्हणाला, सूर जरा खाली आणा. हवालदार म्हणाला, "ह्यो येत न्हाई खाली. तुमीच या की वर." शेवटी सगळ्या व्हायोलिनांनी तारा ओढून वर चढवल्या. एकाची तार तुटली आणि त्याने हवालदाराच्या सात पिढ्या काढल्या. त्यासुद्धा कोकणीत की मराठीत ते मला सांगता येणार नाही.

मग कळलं की हवालदाराला एका जागी उभ्याने वाजवता येत नाही. जन्मभर चालत वाजवलेलं, पाय थांबले की बोटं थांबायची. मेस्ताने कपाळाला हात लावला. मशीनवाल्या पोरसवद्या माणसाने मधोमध मायक्रोफोन टांगला आणि हवालदाराला बूट काढून त्याच्याभोवती फेऱ्या मारायला लावल्या. मोजे फाटके होते. हवालदाराचा अंगठा बाहेर, पण मान ताठ.

ठरलं ते असं. पाईप एकटा सुरू होणार, त्याची संथ चाल दोनदा फिरणार, मग माझा ड्रम, मग सगळे. पहिल्या वेळेला हवालदाराने जे वाजवलं ते मला आज सांगता येत नाही. त्याच पाईपवर मंत्र्यांसाठी तो पाट्या टाकायचा हे त्या दिवशी कळलं. कानात बोटं घातलेल्या दोघांनी ती काढली. तार तुटलेला तोंड उघडं टाकून बघत राहिला. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी पोटरीला काहीतरी कडाडून चावलं. बॅगपाईपची कातडी पिशवी सुकू नये म्हणून हवालदार तीत काकवी ओतायचा. तिच्या वासावर माडीतल्या तांबड्या मुंग्या निघाल्या होत्या, आणि पिशवीकडे जाण्याचा त्यांचा रस्ता माझ्या विजारीतून होता. मी पाय झटकला, डावी काठी निसटली आणि माझा ड्रम असा लंगडला की शिमग्यातल्या पोरानेही लाजावं. तरी कोणी थांबलं नाही, शेवटपर्यंत वाजवलं.

"आनीक एक फावट," मेस्त म्हणाला. आणखी एकदा.

दुसऱ्या वेळेला मी वाजवलं. बाबा रे, काय वाजवलं! तसं आयुष्यात आधी नाही आणि नंतर नाही. पण हवालदाराचा दात चालीच्या मध्यावर सुटला. पाईपचा सूर फाटला, किंचाळला. त्याने ओठांनी नळी दाबून धरली आणि रक्त गिळत चाल पुरी केली, फेरी न मोडता. तिसऱ्यांदा वाजवणं शक्यच नव्हतं. तोंडाला पंचा लावून त्याला खाणीच्या जीपमधून डॉक्टरकडे नेलं. जाताना त्याने मला हाताने विचारलं, झालं ना? मी म्हटलं, झालं, झालं, तू जा.

मेस्ताने दोन्ही रेकॉर्डिंगं ऐकवली. पहिल्यात पाईप सोन्यासारखा, ड्रम फजीत. दुसऱ्यात ड्रम नंबर एक, पाईप मध्येच फाटलेला. मेस्त मला म्हणाला, "तुमचा माणूस गेला. तुमच्या बँडाचे तुम्हीच राहिलात. तुम्ही सांगा, कोणतं ठेवू?"

मला विचार करायला वेळ होता, हे लिहून ठेवतो. घाईत झालं असं मला म्हणता येणार नाही. कँटीनमधली दोन्ही मेजं ही कॅसेट ऐकणार, मेहुणा ऐकणार, तो लंगडा ड्रम ऐकून जन्मभर दात काढणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, "दुसरं. ड्रम म्हणजे पाया, पाया पक्का हवा." मेस्ताने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मशीनवाला म्हणाला, टेप कमी आहे, मग पहिलं पुसू?

"पूस," मी म्हटलं.

कॅसेट आली तोवर हवालदाराचे चारही दात गेले होते. फाटकाच्या खोपीत त्याने माझ्यासमोरच ती लावली. फाटलं तिथे त्याने डोळे मिटले. माझा ड्रम आला तशी माझ्या पाठीत जोरात थाप मारली आणि म्हणाला, "आत्ता सुटलं बघ मनगट!" मग बोळक्या तोंडाने हळूच विचारलं, "पैलं का घेतलं न्हाई रे?"

"त्या मेस्ताला कान नाहीत. गाढव आहे तो," मी म्हटलं.

"आसं बोलू नये. पर पैलं आसंल की तेच्याकडं कुठंतरी? तू इचार की."

"विचारतो," मी म्हटलं.

त्यानंतर फाटकातून आत जाताना तो मला विचारायचा, "इचारलास?" मी कधी म्हणायचो मेस्त आजारी आहे, कधी म्हणायचो मशीनवाला मुंबईला गेलाय, एकदा तर म्हटलं शोधताहेत. पुढे मी मागच्या वाटेने ऑफिसात जायला लागलो. चिखलातून जावं लागायचं, तरी जायचो.

नोकरी सोडून तो गावी निघाला तेव्हा डिचोलीच्या स्टँडवर त्याची ट्रंक मी टपावर चढवली. सांगून टाकावं असं वाटत होतं. लाज वाटत होती, फार वाटत होती, आणि बस सुटायला चांगली पंधरा मिनिटं होती. तो जनेलातून वाकून म्हणाला, "त्या टेपाचं राहू दे आता. माझ्यापायी लई फिरलास तू."

मी म्हटलं, "असू दे रे, त्यात काय."