चोखबाईंनी लिहिलेला पहारेकरी

कंपनीत सगळे त्यांना चोखबाई म्हणत. तोंडावर 'बाई', पाठीमागे 'चोखबाई', आणि दोन्हींत आदर सारखाच. चौतिसाव्या वर्षी, टायपिंगच्या नोकरीला कंटाळून, पोरीच्या शाळेची वेळ सांभाळत त्या प्रोग्रॅमिंग शिकल्या. आज त्रेपन्न. एवढ्या वर्षांत त्यांच्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा सापडली नव्हती. टेबलावर तीन पेनं, तिन्ही एका दिशेला तोंड करून. जेवणाच्या डब्याच्या झाकणावरसुद्धा चिठ्ठी: 'वरचा कप्पा आधी.'

त्यांच्या कंपनीचा प्रोग्रॅम रक्ततपासणीच्या केंद्रांतून हॉस्पिटलला अहवाल पाठवी. अहवाल वाटेत कुणी वाचू नये, आणि भलत्याच संगणकाच्या हाती पडू नये, ही जबाबदारी बाईंची. त्यासाठी जगभर वापरतात ती तयार लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमचा संच, त्यांनी घेतली होती. कुलूप, किल्ली, सगळं ती आपलं आपण बघते. फक्त काही ठिकाणी थांबून विचारते, 'मालक, इथे काय करू?' उत्तर देणारं छोटं फंक्शन आपण लिहून तिच्या हवाली करायचं; वेळ आली की ती ते बोलावते. त्यालाच कॉलबॅक म्हणतात. बाईंनी असे दोन कॉलबॅक दिले होते. एक किल्लीचा पासवर्ड सांगणारा. दुसरा पहारेकरी: समोरच्या संगणकाचं ओळख पटवणारं प्रमाणपत्र आलं की लायब्ररी त्याला आपलं मत सांगे, बरोबर की चूक, आणि शेवटचा 'हो' किंवा 'नाही' त्याच्याकडून घेई.

गुरुवारी अकरा वाजता हॉस्पिटलचे संगणक-अधिकारी नवी आवृत्ती तपासून ताब्यात घ्यायला येणार होते. त्याच सकाळी चहा घेताना बाई ते थोरल्या नणंदेला समजावून सांगत होत्या. वन्संनी तीस वर्षं सिनेमाच्या दारावर तिकिटं फाडली होती. कुणाचंही बोलणं त्या तिकिटासारखंच उलटसुलट करून बघत.

"म्हणजे तुझा हा पहारेकरी खोटं प्रमाणपत्र पकडतो?"

"पकडतो म्हणजे काय, वन्सं! तारीख, वेळ, कारण, सगळं नोंदवहीत लिहितो. एक अक्षर चुकत नाही."

"बरं. आणि लिहून झाल्यावर?"

"लिहून झाल्यावर..." बाईंचा कप तोंडापाशीच थांबला.

"अगं, खोटं तिकीट घेऊन आला, मी वहीत छान अक्षरात लिहिलं, आणि म्हटलं, या, बसा. असं तर नाही ना?"

बाईंनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला, तो त्यांनी पुसलाही नाही. तेव्हाच वन्सं समजल्या की प्रकरण गंभीर आहे.

साडेआठला बाई कंपनीत. फाइल उघडली. शेवटची ओळ: काहीही असो, 'हो'. सहा वर्षांपूर्वी चाचणीच्या संगणकाला आपणच बनवलेलं घरगुती प्रमाणपत्र होतं, लायब्ररी सारखी अडायची, म्हणून तात्पुरतं लिहिलेलं. तात्पुरत्याने ठाण मांडलं होतं. प्रोग्रॅम कधी अडला नाही, म्हणून कुणी तिकडे पाहिलंही नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती: लायब्ररीचं मत जसंच्या तसं परत करायचं. ती करून बाईंनी मुद्दाम बनावट प्रमाणपत्र समोर केलं. दार बंद! मग त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, स्वभावाने भले, पण अकराच्या ठोक्याला घाबरलेले.

"बाई, दुरुस्त झालंय ना? मग झाकली मूठ राहू द्या की."

"मूठ माझी आहे, साहेब. मीच उघडणार."

"तुमच्या नावावर आम्ही कामं मिळवतो हो!"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. हे नाव मिळवायला एकोणीस वर्षं लागली होती, आणि ते दुपारपर्यंत टिकेल याची खात्री नव्हती.

अधिकारी आले, बसले, आणि बाईंनी खुर्ची ओढायच्या आधीच सांगून टाकलं. अधिकाऱ्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे सहा वर्षं आमचे अहवाल कुणाच्याही हाती जाऊ शकत होते? गेले का?"

"ते आत्ता बघू. नोंदवही खोटं बोलत नाही. ती लिहिणारा पहारेकरी मीच लिहिलाय."

वही पडद्यावर आली. चाचणीचे दिवस सोडले तर पाच वर्षं कोरी. मग एका दिवसापासून ओळीमागून ओळी, रोज शेकड्यांनी, आणि कारण सगळीकडे एकच: 'मुदत संपली'. प्रमाणपत्र कोणाचं? हॉस्पिटलचंच. बनावट एकही नाही. खरा मालकच आठ महिने जुनं ओळखपत्र घेऊन आपल्या दारातून येजा करत होता.

साहेबांनी छताकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पडद्यावरची तारीख बदलली नव्हती.

"म्हणजे नवी आवृत्ती आत्ता सुरू केली तर..."

"तुम्हालाच बाहेर उभं करेल," बाई म्हणाल्या.

आधी अधिकारीच हसले. मग साहेबांना हसायची सोय झाली. "तुमच्या पहारेकऱ्याने आठ महिने बोंब मारली आणि आम्ही कुणी कान दिला नाही म्हणायचं! थांबा, फोन करतो." पाऊण तासात नवं प्रमाणपत्र बसलं, अहवाल गेला, सही झाली. सही करता करता ते म्हणाले, "चूक कुणाकडूनही होते हो. पण दुकानदार आपणहून वजन कमी भरलं म्हणून सांगतो, असं मी पहिल्यांदा पाहिलं. बाईच करणार असतील तर आमचं पुढचं कामही तुम्हालाच."

त्याच दुपारी बाईंनी पहारेकऱ्याला आणखी एक सवय लावली: नाही म्हटलं की नुसतं लिहायचं नाही, साहेबांचा आणि अधिकाऱ्यांचा फोन वाजवायचा.

तिसऱ्या दिवशी जेवताना साहेबांचा फोन कर्कश वाजला. एका केंद्रातल्या संगणकाचं घड्याळ दोन वर्षं मागे गेलं होतं. त्याच्या लेखी हॉस्पिटलच्या नव्या प्रमाणपत्राचा अजून जन्मच व्हायचा होता.

"बाई, हे आता रोज का?" हातातला घास तसाच धरून साहेबांनी विचारलं.

"बिघडलं तरच. उठा, केंद्राला फोन लावा, मी ताटावर झाकण ठेवते."

साहेब उठले.