कपाळाने ऐकणारे मिस्त्री

"गप रं, बोलतंय ते!"

गाडीवाला तक्रार सांगायला लागला की आमचे मिस्त्री त्याला असं दटावत. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावायचं, मूठ उजव्या कानामागच्या हाडावर टेकवायची आणि डोळे मिटायचे. "दोन नंबरचं बेअरिंग." खोलून बघावं, तर तेच! चौक गावाला हायवेवर त्यांच्या गॅरेजशेजारी माझं स्पेअर पार्टचं दुकान होतं, म्हणून छातीठोक सांगतो.

पण तोच उजवा कान वर्षानुवर्षं वाहायचा. डॉक्टरला दाखवा म्हणून मी घसा कोरडा केला. "गळतंय म्हंजे आत ऑइल हाय," ते म्हणायचे. "गळायचं थांबलं की घाबरायचं." असा संताप यायचा मला!

एके दिवशी ते गरगरून जॅकशेजारीच बसले. मी त्यांना टेंपोत घातलं आणि थेट मुंबईचं इस्पितळ गाठलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला.

"कानामागचं हाड सडलंय. ऑपरेशन नाही केलं तर पू मेंदूपर्यंत जाईल. पण इथे आत शंखासारखा ऐकण्याचा भाग आहे, आणि शेजारूनच चेहऱ्याची नस जाते. नसेला धक्का लागला तर तोंड वाकडं होईल. शंखाला लागला तर हा कान कायमचा गेला."

मिस्त्री फोटोला नाक लावून बघत राहिले.

"तोंड वाकडं झालं तर चालंल, डॉक्टर. तसंबी काय देखणं नाय. शंख तेवढा जपा."

"अहो, डावा कान आहे ना?" मी म्हटलं.

"डाव्यानं मानसं ऐकतो रं. इंजान उजव्यानं."

मला हसू आलं आणि डोळेही भरले.

पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "हसा बघू." मिस्त्री हसले. तोंड सरळ! पण आतली बारीक हाडं काढावी लागली होती, या कानाने आता कमीच ऐकू येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते हसू मावळलं. मग डॉक्टरांनी चिमट्यासारखा एक पोलादी काटा हातावर आपटला आणि त्या घणघणत्या काट्याचा दांडा मिस्त्रींच्या कपाळावर टेकवला.

"कुठे ऐकू येतंय?"

मिस्त्रींनी डोळे मिटले. मग त्यांनी माझा हात घट्ट पकडला.

"उजवीकडं! बोलतंय रं, बोलतंय ते!"

"हाडातून आवाज आत पोचतोय. शंख शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर कितीतरी वर्षं मिस्त्री स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागे न टेकवता कपाळाला लावून इंजिन ऐकत. इंजिनाच्या पाया पडतात म्हणून ड्रायव्हर चेष्टा करायचे, पण गाडी त्यांच्याकडेच आणायचे.

आता मिस्त्री नाहीत. तो स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहे. माझी गाडी कुरकुरली की मीही बॉनेट उघडून मूठ कपाळाला लावतो. कळत काडीचं नाही. तरी बायको काही विचारायला आली की तोंडातून निघून जातं, "गप गं, बोलतंय ते."