ब्रेक लावलेली बाबागाडी

गाडी सातव्यांदा जिन्याकडे गेली, त्या दुपारी नरसम्मा माझ्या दुकानात आल्या. चप्पल घालायचंही भान नव्हतं त्यांना. तापल्या रस्त्यावरून तशाच आल्या होत्या.

"मिस्त्री, ती गाडी परत गेली."

"कुठं गेली?"

"जिन्याकडं. आपली आपण."

"गाडी आपली आपण जात न्हाय अम्मा. सुनंनं ब्रेक लावला नसंल."

"सहा वेळा आमी बी तेच म्हटलं की." त्या माझ्या स्टुलावर बसल्या. "आज ब्रेक मी लावला हुता. माझ्या पायानं."

माझं दुकान म्हणजे भवानी पेठेतलं एक पत्र्याचं शेड. चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या. आता पेठेत सायकल कोण चालवतंय? म्हणून पोरांच्या तीनचाकी, व्हीलचेअर, बाबागाड्या असलं काम करतो. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. पण चाक फिरवलं की आवाजावरून बेअरिंगमधली कुठली गोळी फुटलीय ते सांगतो. शिकलेसवरलेले लोक येऊन विचारून जातात. ही बढाई नाही. खरं आहे ते लिहिलं.

तर ही गाडी मीच पास केलेली. दीड महिन्यापूर्वी नरसम्मांची सून सुजाता ती घेऊन आली होती. मुलगी अकलूजची, लव्ह मॅरेज करून या तेलुगू घरात आलेली. बाळ चार महिन्यांचं, घरात सगळे त्याला चिन्नी म्हणतात. गाडी पुण्याच्या नणंदेकडून आलेली, जुनी.

"काका, ही वापरू का नवी घेऊ?" तिनं विचारलं होतं.

मी गाडी उलटीपालटी करून बघितली. सांगाडा दणकट. चाकं मोठी, म्हणजे आपल्या रस्त्याला बरी. लहान चाक खड्ड्यात अडकतं आणि लेकराला मानेत हिसका बसतो. पाठ पार आडवी होत होती. चार महिन्यांच्या बाळाला तशीच पाहिजे, कारण त्याची मान पुरती धरलेली नसते. पट्टा पाच ठिकाणी बांधायचा, दोन खांद्यावर, दोन कमरेला, एक मांड्यांच्या मधून. मी म्हटलं, "नवी कशाला? ही टकाटक हाय."

एकच खोट होती. ब्रेक जड होता. तिचं ऑपरेशन करून बाळंतपण झालेलं, पायानं पेडल दाबताना पोटात कळ यायची. मी म्हटलं, "पाच मिनिटांचं काम." ते काम मी केलं आणि पेडल लोण्यासारखं दबायला लागलं. पोरगी खूश झाली. मी माझ्यावरच खूश झालो.

चार दिवसांनी पहिला प्रकार झाला. दुपारी चिन्नी गाडीत झोपलेली. सुजाता आत पाणी उकळायला गेली. बाहेर आली तर गाडी जागेवर नाही. ती होती जिन्याच्या तोंडाशी. हा जिना माडीवरून सरळ खाली रस्त्यावर उतरतो, उभा आणि दगडी. पुढची चाकं पहिल्या पायरीपासून वीतभर अलीकडे. बाळ गाढ झोपेत. घरात दुसरं कोणी नव्हतं.

त्या दिवसापासून चिन्नीला त्यात कोणी ठेवलं नाही. पण आपल्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत, तसं नरसम्मांना रिकाम्या गाडीचंही वावडं. म्हणून त्यांनी दुपट्यात वरवंटा गुंडाळून गाडीत निजवला. आणि तो वरवंटाही जिन्याकडे जायला लागला. दर वेळी दुपारी. दर वेळी पायरीपासून वीतभर अलीकडे थांबायचा. शुक्रवारी मात्र गाडी हलायची नाही.

"शुक्रवार देवीचा वार," नरसम्मा म्हणाल्या. "त्या दिवशी त्याचं काय चालत न्हाय."

"कुणाचं?"

"जे काय हाय त्याचं. गाडीत काय न्हाय मिस्त्री. पोरीच्या मागनं आलंय काय तरी. रविवारी तिला अकलूजला पोचवतोय. चिन्नी माझ्यापाशी राहील."

"अंगावर पितं लेकरू, अम्मा!"

"जिन्यावरनं पडण्यापरास बरं की न्हाई?"

मी त्यांच्याबरोबर गेलो आणि गाडी दुकानात घेऊन आलो. दोन दिवस ठेवली. माझ्या दुकानापुढचा उतार घरातल्या फरशीपेक्षा तिप्पट आहे. आत ज्वारीचं पोतडं बांधून ठेवलं, बाळाच्या दीडपट वजनाचं. ब्रेक लावला. गाडी तसूभर हलली नाही. दुपारी बघितलं, सकाळी बघितलं. गाडी परत पोचवून मी काय म्हटलं असेन? म्हटलं, काम माझं चोख आहे, बाकी ज्यानं त्यानं बघावं. पेठेत दोघातिघांना बोलूनही दाखवलं, सूनच ब्रेक लावत नसेल. ते सुजाताच्या कानावर गेलं.

शनिवारी सकाळी ती दुकानाच्या दारात उभी राहिली. आत आली नाही.

"काका, तुम्ही म्हणालात मी ब्रेक लावत नाही."

मी हातातलं चाक खाली ठेवलं.

"उद्या सासूबाई मला पोचवायला निघणारेत. मी दर वेळी ब्रेक लावला होता. तुम्ही एकदा घरी येऊन बघा. नंतर माझ्याबद्दल काय बोलायचं ते बोला."

दुपारी गेलो. ऊन नुसतं आग ओकत होतं. माडीवर खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या, त्यामुळे खोलीत हिरवट अंधार. नरसम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर चिन्नी. सुजाता समोरच्या दारात. दोघींच्या मधे गाडी, गाडीत दुपट्यातला वरवंटा. लांबून बघितलं तर बाळच निजलंय असं वाटायचं.

मी पेडल दाबलं. टक. गाडी ढकलून बघितली, हलली नाही. मागच्या चाकांच्या टोप्या काढल्या. त्यांचे चार स्क्रू माझ्या सवयीप्रमाणे फरशीवर एका ओळीत मांडले. चाळीस वर्षांत माझा एक स्क्रू हरवलेला नाही तो या सवयीनं. मग भिंतीशी बसलो.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. जेवणाच्या सुट्टीतली पेठ एकदम मेल्यासारखी असते. कुत्रंही भुंकत नाही. नरसम्मांनी एकदा विचारलं, "च्या टाकू का?" मी हातानंच नको म्हटलं.

आणि पेडल वर आलं.

कसं सांगू? कोणी गाडीजवळ नव्हतं. खाली दाबलेलं लोखंडाचं पेडल हळूहळू, अगदी झोपलेल्या माणसानं पाय लांब करावा तसं, वर आलं. आवाज नाही. मग गाडी निघाली. आधी बोटभर, मग हातभर. दुपट्याचं टोक हलत होतं. गाडी माझ्या समोरून गेली. हात लांब केला असता तर धरता आली असती. हात उठला नाही. एवढी वर्षं लोखंडात काढली, पण त्या घडीला मी घाबरलो ते लपवणार नाही. नरसम्मा तेलुगूत काहीतरी पुटपुटत होत्या. चिन्नीचं डोकं त्यांनी पदरानं झाकलं होतं.

गाडी पायरीपासून वीतभर अलीकडे थांबली.

हाताला काही काम पाहिजे म्हणून मी स्क्रू उचलायला गेलो. स्क्रू जागेवर नव्हते. ते टीचभर पुढे गेले होते. चारही, ओळ न मोडता. तोंडं जिन्याकडे. मी बघतोय तोवर पहिला अजून पुढे सरकला, मग दुसरा.

मी फरशीवर तळवा टेकला. तळव्याला मुंग्या आल्यासारखं झालं.

"हे काय हाय?"

"काय?" नरसम्मा ओरडून म्हणाल्या.

"जमीन हलतीय!"

"कुटं हलतीय? काय तरीच!"

सुजाता दारातून म्हणाली, "माग सुरू झाले काका. दीड वाजला."

या घराच्या भिंतीला भिंत लावून यंत्रमागांचा कारखाना आहे. दोन डझन माग, चादरी विणतात. जेवणाची सुट्टी संपली की सगळे एकदम सुरू होतात.

"लग्न करून आले तेव्हा सहा महिने मला झोप नव्हती," सुजाता म्हणाली. "भांडी फळीवरून सरकायची. इथे कुणाला सांगितलं तर म्हणायचे, कसला आवाज?"

"कसला आवाज?" नरसम्मा परत ओरडल्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की त्या ओरडतायत. त्या घरात सगळेच ओरडून बोलतात, आणि आपण ओरडतोय हे कोणालाच माहीत नाही. मलाही माहीत नव्हतं. मीही याच पेठेत चाळीस वर्षं आहे. तो आवाज आमच्या कानाला आवाज राहिलेलाच नाही. माग अवेळी बंद पडले तर आम्ही दचकतो. बाहेरची पोरगी होती म्हणून तिला तो ऐकू येत होता.

"शुक्रवारी काय असतं?" मी विचारलं.

"कारखान्याची साप्ताहिक सुट्टी," सुजाता म्हणाली.

नरसम्मांनी चिन्नीच्या डोक्यावरचा पदर काढला.

आता पेडल वर का आलं ते. मी गाडी आडवी केली. अशा ब्रेकमध्ये मागच्या चाकाला आतून खाचा असतात. पेडल दाबलं की एक पिन खाचेत जाऊन बसते. पिनेचं टोक चौकोनी असेल तर खाचेतून बाहेर येत नाही, मग कितीही हादरू द्या. पण चौकोनी टोक आत जाताना अडतं, म्हणून ब्रेक जड लागतो. या पिनेचं टोक चौकोनी नव्हतं. छान गोल होतं, चकचकीत. माझ्या कानशीचे ओरखडे त्यावर दिसत होते.

त्या दिवशी पाच मिनिटांचं काम केलं ते हेच. ब्रेक हलका व्हावा म्हणून मी पिनेचं टोक घासून गोल केलं. उतारावर ती धरून राहायची, कारण गाडीचं वजन तिला एकाच बाजूला दाबून ठेवतं. पण सारखा बारीक हादरा बसला की गोल टोक कणाकणानं सटकतं, आणि स्प्रिंग पेडल वर उचलते. माझ्या दुकानाच्या भिंतीला लागून माग नाहीत. तिथे ती जन्मभर हलली नसती.

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मागांवर ढकललं असतं तर चाललं असतं. पिनेतलं त्यांना काय कळणार होतं? एक क्षण तसं मनात आलंही. मग सुजाताकडे बघितलं. तिचे कपडे भरलेली बॅग दाराशी तयार होती.

"अम्मा, पोरीच्या मागं काय न्हाय. ब्रेक मी बिघडवला. हिनं दर वेळी लावला हुता."

"मग पेठेत सांगत का फिरलात हिनं लावला न्हाय म्हणून?"

"फिरलो."

"तोंड हाय का तुमाला?"

"हाय. आता उलटं सांगत फिरतो."

नरसम्मांनी चिन्नीला उचलून सुनेच्या मांडीवर ठेवलं. मग दाराशी असलेली बॅग उचलून आत नेली.

एक गोष्ट राहते. गाडी का चालायची ते कळलं. का थांबायची ते कळलं नाही. जिथे थांबायची तिथे मी गुडघ्यावर बसून फरशी चाचपली. उंचवटा नाही, सांधा नाही. बेअरिंगची एक गोळी तिथे ठेवली, ती न थांबता जिन्यावरून टकटक करत रस्त्यापर्यंत गेली. ब्रेक काढून गाडी पुन्हा सोडली. वीतभर अलीकडे थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा सोडायचं धाडस मी केलं नाही. नरसम्मांनी हात जोडले. मी जोडले नाहीत, पण हसलोही नाही. गाडी दुकानात नेली आणि त्याच संध्याकाळी करवतीनं कापून भंगारात घातली. नवी पिन बसवून पैसे घेता आले असते असं लोक म्हणतात. म्हणू देत.

रविवारी अकलूजला कोणी गेलं नाही. आम्ही चौघं, चिन्नी धरून, दुकानात नवी गाडी घ्यायला गेलो. दुकानदार छत्री दाखवत होता, गाणं वाजवणारा ट्रे दाखवत होता. सुजातानं तिकडे बघितलंही नाही. पाठ आडवी होते का बघितलं. पट्टा पाच ठिकाणी आहे का बघितला. एका पेडलनं दोन्ही चाकं अडकतात का बघितलं. घडी घालताना बोट चिमटत नाही ना ते बघितलं. दांडीला पिशवी अडकवून गाडी मागे कलंडते का तेही बघितलं. मग नरसम्मांची भरलेली पिशवी गाडीत ठेवली, ब्रेक दाबला, दोन्ही हातांनी दांडी धरली आणि गाडी गदगदा हलवायला लागली. मिनिट झालं, दोन झाली. पेडलवरची नजर हलू देत नव्हती.

"ओ ताई, मोडाल की! किती हलवताय?" दुकानदार म्हणाला.

"आमचं घर हलतं तेवढी," ती म्हणाली आणि हलवत राहिली.

तीन गाड्या तिनं नापास केल्या. चौथी घेतली. तिचा ब्रेक जड आहे. तो आता नरसम्मा दाबतात.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. बाबागाडी दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर पसंत करू नका. ती ज्या घरात राहणार ते घर आधी नीट बघा, आणि त्या घरात नवीन आलेल्या माणसाला विचारा. ब्रेक जड लागला तर लागू द्या. तो हलका करून देतो म्हणणारा कोणी भेटला, तर गाडी त्याच्या हातात देऊ नका. मी म्हटलं तरी देऊ नका.