मुळांना धरून राहिलेली माती

ताई कपडे शिवायची आणि तिचा धाकटा भाऊ बस चालवायचा. आईवडील गेल्यावर दोघंच राहिली, दोन खोल्यांत, एकमेकांशी कुरबुरत. तीन वर्षांपूर्वी भावाने नर्सरीतून हातभर उंचीचं स्प्रूसचं, म्हणजे सुईसारख्या पानांच्या थंड प्रदेशातल्या झाडाचं, रोप आणलं आणि त्याला बोन्सायचं वेडच लागलं. सुट्टीच्या दिवशी तो फांद्यांना वळण द्यायला तार गुंडाळत बसायचा. ताई म्हणायची, "एवढी माया बायकोवर केली असतीस!" तो म्हणायचा, "आधी मिळायला तर हवी."

थंडी सरताना झाड उथळ कुंडीत लावायचं ठरलं होतं. कुंडीही आणली होती. पण तोवर भावाच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि त्याला हॉस्पिटलात दाखल करावं लागलं.

ताईने ठरवलं, आपणच लावून टाकू, त्याला बरं वाटेल. हातात घेतलेलं काम अर्धवट सोडणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने जुनी माती काडीने उकरली, उरलेली काढायला मुळं नळाखाली धरली आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतली. नवी माती भरून झाड गच्चीत भर उन्हात ठेवलं, वर मूठभर खतही घातलं. मग फोटो काढून त्याला दाखवला.

तो खूश झाला. म्हणाला, "मुळं धुतली नाहीस ना? अर्धी जुनी माती राहू द्यायची. त्यातली बुरशी मुळांना पोसते, तिच्यावर झाड जगतं. आणि महिनाभर सावलीत, खत अजिबात नाही."

"एवढं कळतं मला," ताई म्हणाली.

घरी जाऊन तिने झाड सावलीत आणलं, वरची माती खतासकट काढली, सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी फवारलं. झाड हिरवंगार होतं; तिने नर्सरीवाल्याला बोलावलं तेही नुसतं खात्रीसाठी. त्याने खोडाची साल नखाने खरवडली. आत हिरव्याऐवजी तपकिरी होतं.

"गेलंय, ताई. ही झाडं गेल्यावरही काही आठवडे हिरवी दिसतात."

झाड पिवळं पडू लागलं, तरी ती भावाला सावलीत आणलं त्या दिवशी काढलेलेच फोटो दाखवत राहिली. आठवडाभराने तो म्हणाला, "ताई, फोटोत झाडामागे रोज तीच निळी चादर वाळतेय. अजून ओलीच?"

तिने फोन पालथा ठेवला. त्याने तिचा हात ओढून घेतला. "मी सांगायला हवं होतं आधी. मीही पहिलं रोप असंच मारलं होतं. तसंच दुसरं आणून ठेवलं, तुला कळू दिलं नाही."

पंधरा दिवसांनी तो गेला.

पुढच्या वर्षी थंडी सरताना ताईने नर्सरीतून दुसरं रोप आणलं. या वेळी मुळांना धरून राहिलेली अर्धी माती तशीच ठेवली. झाड हलू नये म्हणून तारेने कुंडीला बांधलं, आडोशाला ठेवलं. पाचव्या आठवड्यात फांद्यांच्या टोकांना कोवळे, फिकट कोंब आले. ती ते बघत कितीतरी वेळ उभी राहिली. मग आत येऊन मशीनवर बसली. गिऱ्हाइकाचं ब्लाउज मांडीवर तसंच राहिलं आणि तिने पोटभर रडून घेतलं.